शाळा बंद-चालू करायची सही कोणाची?

१० ऑगस्ट २०२१ या एकाच दिवशी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाचे दोन कागद चर्चेत आले. पहिला त्याच दिवशी निघालेला शासन निर्णय: १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी आणि शहरात आठवी ते बारावीचे वर्ग भरतील. दुसरा २८ मेचा, अकरावी प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेण्याचा. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवशी रद्द केला. पहिल्या कागदाला कोर्टाने हात लावला नाही, तरी तो अमलात आला नाही. कोविडवर सरकारला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या टास्क फोर्सने हरकत घेतली, मुख्यमंत्र्यांकडे बैठक झाली आणि दोन-तीन दिवसांत निर्णय थांबला. शाळा उघडल्या त्या ४ ऑक्टोबरला.

साथीच्या काळात शाळांवरून झालेली बहुतेक भांडणं या दोनपैकी एका प्रकारात मोडतात. एकात वाद सरकारातल्या सरकारात असतो: शेवटचा शब्द कोणाचा? दुसऱ्यात वाद कोर्टात असतो: हा निर्णय घ्यायचा अधिकार होता का, आणि घेताना कारण काय दिलं? शाळा उघडणं बरोबर की चूक, हा तिसरा प्रश्न. टीव्हीवर आणि चावडीवर रोज तोच चघळला गेला, पण कोर्टात त्याला फारसा थारा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कळलं की पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपली ताकद कुठे लावायची हेही कळतं. कोविडचे आदेश गेले, पण कायदे जागेवर आहेत. पुढची साथ आली तर याच सह्या चालतील.

कुलूप कोणत्या कायद्याचं

शाळा बंद करण्यामागे दोन कायदे होते आणि चालू ठेवण्यामागे एक.

पहिला साथरोग अधिनियम, १८९७. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने घाईने केलेला, मुळात जेमतेम चार कलमांचा कायदा. कलम २ राज्य सरकारला साथ रोखण्यासाठी लागतील ते तात्पुरते नियम करू देतं, कलम ३ नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० रोजी लागू केला आणि दुसऱ्याच दिवशी नियम काढून जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त अशा अधिकाऱ्यांना अधिकार दिले. या कायद्यात किती दिवसांसाठी, कोणत्या निकषावर, फेरविचार कधी, यातलं काहीही लिहिलेलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला कोणाला कारण सांगायची गरज वाटत नव्हती.

दुसरा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. हा खरा वजनदार. त्यात उतरंड ठरलेली आहे. देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री. राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. जिल्ह्यात अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष म्हणून लोकप्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. या पदाचा कोविडच्या काळात क्वचितच उल्लेख झाला. जिल्हाधिकारी आदेश काढतात ते कलम ३० आणि ३४ खाली. आदेश मोडला तर कलम ५१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यातून कोणाचा जीव गेला तर कैद दोन वर्षांपर्यंत.

तिसरा, शिक्षणाच्या हक्काचा कायदा, २००९. घटनेच्या अनुच्छेद २१-क मधून आलेला, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षात २०० आणि सहावी ते आठवीला २२० शाळेचे दिवस सांगितले आहेत. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. शंभर वर्षांनी त्याच गावांत सरकारच शाळेला कुलूप लावून बसलं आणि दंड कोणाला करायचा हे कोणत्याच कायद्यात नव्हतं.

हे तिन्ही एकमेकांवर आदळले तर जिंकतो आपत्तीचा कायदा. त्याचं कलम ७२ सांगतं की दुसऱ्या कायद्यात काहीही असलं तरी हा कायदा वरचढ. शिक्षण विभागाचा शासन निर्णय तर नुसता प्रशासकीय निर्णय, कायदा नव्हे. त्यामुळे मुख्याध्यापकाच्या हातात कागद पडला की पहिली नजर मजकुरावर नको, तळाच्या सहीवर आणि वरच्या संदर्भांवर हवी. सही शिक्षण विभागाच्या उपसचिवांची आहे की राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष म्हणून मुख्य सचिवांची? संदर्भात आपत्तीच्या कायद्याचं कलम आहे का? दोन कागद परस्परविरोधी असतील आणि एकावर आपत्तीच्या कायद्याखालची सही असेल, तर शाळेने तोच पाळायचा. शिक्षण विभागाच्या भरवशावर शाळा उघडली आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बंदचा आदेश शिल्लक असला, तर कलम ५१ ची टांगती तलवार मुख्याध्यापकावर येते, मंत्र्यांवर नाही.

ऑगस्ट २०२१ ला झालं ते हेच. शिक्षण विभाग पुढे गेला आणि आपत्तीच्या कायद्याखालची बाजू त्याच्याबरोबर नव्हती. टास्क फोर्सला स्वतःला आदेश काढायचा कसलाही अधिकार नाही, ती सल्ला देणारी डॉक्टरांची समिती. पण सल्ला ज्यांना द्यायचा ते मुख्यमंत्री राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष असल्यामुळे सल्ल्याला हुकमाचं वजन आलं. तो सल्ला लेखी जाहीर झाला असता तर पालकांना निदान वाचता तरी आला असता. बातम्यांत आला तो सूत्रांच्या हवाल्याने.

दिल्ली, मुंबई आणि कलेक्टर ऑफिस

घटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्य सूचीतला विषय. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीपासून समवर्ती सूचीत. साथ एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नये याची व्यवस्था, हाही समवर्ती विषय. म्हणजे दोन्ही सरकारांना हात घालायला जागा आहे. केंद्राने तो घातला आपत्तीच्या कायद्यातून, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशांनी. त्या आदेशांचं सूत्र असं होतं की राज्याने हवं तर जास्त कडक व्हावं, पण केंद्राने घातलेलं बंधन सैल करू नये.

३० सप्टेंबर २०२० च्या आदेशात केंद्राने म्हटलं की १५ ऑक्टोबरनंतर शाळा टप्प्याटप्प्याने उघडायच्या की नाही ते राज्यांनी ठरवावं. हजेरीची सक्ती नको, पालकांची लेखी संमती हवी, ऑनलाइनचा पर्याय चालू ठेवावा. महाराष्ट्राने नववी ते बारावीसाठी तारीख दिली २३ नोव्हेंबर. पण तीही पक्की नव्हती, कारण स्थानिक परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची मुभा खाली दिली. मुंबई महापालिकेने लगेच ३१ डिसेंबरपर्यंत शाळा बंदच ठेवल्या. पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद.

असं अधिकार खाली ढकलत नेणं वाईट आहे का? साथ जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी होती. मुंबई शांत झाली तेव्हा कोल्हापूर पेटलं होतं. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला राज्याने निर्बंध सैल केले, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत ते कायम ठेवले त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा आपला कोल्हापूरच्या आसपासचा सगळा पट्टा होता. त्यामुळे निर्णय जिल्ह्यात व्हावा हे बरोबरच. पण अधिकार खाली देताना निकषही द्यावा लागतो. तो दिला नाही की खालचा अधिकारी सगळ्यात सुरक्षित पर्याय निवडतो: बंद. शाळा उघडून मुलं आजारी पडली तर मथळा त्याच्या नावाने, शाळा बंद ठेवून सातवीचं पोरगं भागाकार विसरलं तर कोणाच्याच नावाने नाही.

आपत्तीच्या कायद्याला मर्यादाच नाहीत असंही समजू नये. ही मर्यादा महाराष्ट्राच्याच खटल्यात आखली गेली. जून २०२० मध्ये राज्याने ठरवलं की विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत, आधीच्या गुणांवर पास करायचं. विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, म्हणाली, ३० सप्टेंबरपर्यंत परीक्षा घ्या. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. साथीमुळे त्या तारखेपर्यंत परीक्षा नको असं राज्याचं प्राधिकरण ठरवू शकतं, तिथे यूजीसीची मुदत आड येत नाही, हवं तर राज्याने यूजीसीकडे मुदतवाढ मागावी. पण परीक्षेविना पास करणं हा आपत्ती व्यवस्थापनाचा विषय नाही, ते राज्य प्राधिकरणाच्या अधिकाराबाहेरचं. गर्दी कधी जमवायची ते आपत्तीचा कायदा ठरवेल, पदवी कोणाला द्यायची ते ठरवणार नाही. शाळांना हाच धडा लागतो: आदेश वर्ग भरवण्याबद्दल असेल तर आव्हान अवघड, आदेश मूल्यमापन, प्रवेश, फी याबद्दल असेल तर आव्हानाला जागा असते. सीईटीचा शासन निर्णय पडला तो याच बाजूला. न्यायालय म्हणालं, असा निर्णय काढायला कायद्याचा आधार नाही, आणि प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर काढल्याने इतर मंडळांच्या मुलांवर अन्याय होतो. दहावीच्या गुणांवर सहा आठवड्यांत प्रवेश पूर्ण करा, असंही सांगितलं.

गावाचा ठराव

जुलै २०२१ मध्ये राज्याने वेगळा प्रयोग केला. कोविडमुक्त गावात आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून. गावात महिनाभर एकही रुग्ण नसावा. पालकांशी चर्चा करून ग्रामपंचायतीने ठराव करावा. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, तीत तलाठी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख. एका बाकावर एक मूल, दोन बाकांत ६ फूट अंतर, एका वर्गात जास्तीत जास्त १५ ते २० मुलं. शिक्षकांनी शक्यतो त्याच गावात राहावं, नाहीतर सार्वजनिक वाहनाने येऊ नये. एक मूल बाधित निघालं की शाळा लगेच बंद आणि निर्जंतुकीकरण.

साथीच्या सगळ्या काळात शाळेसाठी लिहिलेला हा सगळ्यात स्पष्ट कागद. निकष होता, समिती होती, जबाबदार माणूस होता. तरीही तो गावात उतरल्यावर कुठे अडतो ते बघा.

वर्ग २० फूट रुंद, २५ फूट लांब धरू. फळा आणि सरांची जागा म्हणून पुढचे ५ फूट सोडले की उरतात २० बाय २०. भिंतीपासून फूटभर आत पहिलं मूल, मग दर ६ फुटांवर एक: एका ओळीत ४, अशा ४ ओळी, एकूण १६. शासन निर्णयातला १५ ते २० चा आकडा इथूनच निघतो. वर्गाचा पट ४८ असेल तर तीन गट पडतात आणि प्रत्येक मुलाचा नंबर तीन दिवसांतून एकदा लागतो. एकच धडा शिक्षक तीनदा शिकवणार, आणि संमती न दिलेल्यांसाठी चौथ्यांदा मोबाइलवर. पाच तुकड्यांच्या शाळेत खोल्या पाचच असतात. गणित आणि विज्ञानाचा शिक्षक एकच असेल तर वेळापत्रक बसतच नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी 'शाळा सुरू' याचा अर्थ आठवड्याला दोन दिवस, तीन तास एवढाच उरू शकतो. कागदावर मात्र ती सुरू.

दुसरी अडचण निकषातच. महिनाभर शून्य रुग्ण ही अट ३०० वस्तीच्या वाडीला सोपी आणि १०,००० वस्तीच्या गावाला जवळपास अशक्य. रोगाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच असलं तरी. शिवाय २९ व्या दिवशी एक रुग्ण सापडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अट लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे दर हजारी इतके रुग्ण, अशी असती तर मोठ्या गावांना वाट मिळाली असती. आणि आपल्याकडे हायस्कूल असतं ते मोठ्याच गावात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड, चंदगड, शाहूवाडी तालुक्यांत आसपासच्या पाच-सहा वाड्यांतली मुलं सायकलने नाहीतर एसटीने तिथे येतात. निकष शाळेच्या गावाचा बघायचा, पण मुलं येणार दुसऱ्या गावांतून. तिथल्या रुग्णांचं काय? समितीतल्या डॉक्टरकडे आपल्या आरोग्य केंद्राखालच्या गावांची यादी असते, शेजारच्या केंद्राखालची नाही. अशा वेळी ठराव करताना ज्या-ज्या गावांतून मुलं येतात त्या सगळ्या गावांची यादी आणि प्रत्येक ठिकाणचा शेवटच्या रुग्णाचा दिनांक जोडणं, हाच खरा उपाय होता.

शिक्षकांच्या राहण्याची अट तर वाचतानाच कोसळते. तालुक्यातले कितीतरी शिक्षक कोल्हापूर, गारगोटी, गडहिंग्लजहून ये-जा करतात. त्यातले अनेक जण त्याच काळात सर्वेक्षण, चेकपोस्ट, लसीकरण केंद्र अशा कामांवर होते. ते बेकायदा नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नका म्हणतं, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही तीन कामं वगळून. शाळेची इमारत विलगीकरणासाठी घेतली गेली तर त्यालाही आपत्तीच्या कायद्यात कलम ६५ आहे आणि भरपाईसाठी कलम ६६. इमारत परत घेताना मुख्याध्यापकाने ताबा पावती, निर्जंतुकीकरणाचा दाखला आणि मोडलेल्या बाकांची पंचयादी घेतली नसेल, तर ती भरपाई मागायला पुढे काही हाती राहत नाही.

गावकऱ्यांचा एक आक्षेप मात्र कोणत्याही समितीला खोडता आला नसता: दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ रांग लागते, ती चालते, आणि पोरांच्या शाळेनं मात्र काय बिघडतं?

टक्केवारीचं राजकारण

जून २०२१ मध्ये राज्याने दुकानं, हॉटेलं, कार्यालयांसाठी पाच स्तर जाहीर केले. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण १० ते २० टक्के किंवा खाटा ६० टक्क्यांवर, तर चौथा. २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर, तर पाचवा. आकडे जाहीर असल्याने कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या किंवा राजारामपुरीच्या दुकानदाराला हातात आकडा धरून भांडता आलं. आमचं प्रमाण इतकं खाली आलं, मग आम्ही अजून या स्तरात का?

शहरातल्या शाळांना असा जाहीर आकडा मिळालाच नाही, आणि माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष. दुकानाला उंबरठा होता, शाळेला तारीख. तारखेशी भांडता येत नाही. ती आली की सरकार पुढची तारीख देतं.

आकडा असला तरी तो कसा काढला हे विचारावंच लागतं. २,००० चाचण्यांत २०० बाधित, म्हणजे १० टक्के. आता बाजारात, चेकनाक्यावर लक्षणं नसलेल्यांच्या आणखी ३,००० अँटिजेन चाचण्या केल्या आणि त्यांत १०० सापडले, तर एकूण ५,००० मध्ये ३००, म्हणजे ६ टक्के. रुग्ण वाढले आणि टक्का उतरला! जूनच्या अखेरीस राज्याने फक्त आरटीपीसीआर चाचण्यांचंच प्रमाण धरायचं ठरवलं ते अशाच गोंधळामुळे, कारण अँटिजेन चाचणी खरे रुग्णही बऱ्याचदा चुकवते. पुढे कधी शाळेसाठी टक्क्याचा निकष आला तर तीन गोष्टी त्यातच लिहून घ्याव्या लागतील: चाचणी कोणती, किती दिवसांची सरासरी, आणि मोजणी जिल्ह्याची की तालुक्याची. जिल्ह्याची सरासरी धरली तर इचलकरंजीतल्या लाटेमुळे गगनबावड्याची शाळा बंद राहते.

कोर्ट 'उघडा' का म्हणत नाही

२० सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या एका बारावीच्या विद्यार्थ्याची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. मागणी साधी: देशभर शाळा उघडण्याचा आदेश द्या. न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला. कुठे किती रुग्ण, मुलांना किती धोका, हे राज्यांनी ठरवायचं, न्यायालयाने फर्मान काढून शाळा उघडायच्या नाहीत, असा सूर होता. यात टाळाटाळ नाही. धोरणाच्या बाबतीत न्यायालय बघतं ते एवढंच: अधिकार होता का, प्रक्रिया पाळली का, आणि निर्णय इतका मनमानी आहे का की कोणत्याही समंजस माणसाने तो घेतला नसता. तिसऱ्या कसोटीवर साथीत शाळा बंद ठेवणं कधीच नापास होत नाही. मुलांना जपलं एवढं उत्तर पुरतं.

आता याच्या शेजारी १३ जानेवारी २०२१ चा निकाल ठेवा. अंगणवाड्या बंद असल्याने बालकांचा आणि गरोदर मातांचा आहार थांबतो, अशी याचिका होती. सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्या थेट उघडल्या नाहीत. राज्यांनी ३१ जानेवारीपर्यंत निर्णय घ्यावा असं सांगितलं, आणि आहार पोचवण्याची कायद्याने घातलेली जबाबदारी कायम धरली. निर्णय राज्याचाच राहिला, पण ढकलता येईना. उघडा म्हणणारी याचिका बाहेर गेली, ठरवा म्हणणारी पदरात काही घेऊन आली.

आणखी एक अडचण वेळेची. आदेश १५ दिवसांचा किंवा महिन्याचा. याचिका तयार होऊन बोर्डावर येईपर्यंत नवा आदेश निघालेला असतो आणि जुन्याविरुद्धची याचिका निरर्थक ठरते. अमेरिकेतही हेच झालं. कॅलिफोर्नियात पालकांनी शाळाबंदीविरुद्ध दावा लावला, जुलै २०२१ मध्ये अपील न्यायालयात थोडं यश आलं, पण जून २०२२ मध्ये मोठ्या पीठाने तो निकाली काढला, शाळा उघडल्या आहेत, आता वादच उरला नाही म्हणून. तिथले खटले वाचायला रंजक आहेत. फ्लोरिडात राज्य म्हणत होतं उघडा आणि शिक्षक संघटना नको म्हणत कोर्टात गेली. सॅन फ्रान्सिस्कोत शहराने आपल्याच शाळा मंडळावर दावा ठोकला, उघडण्याचा आराखडा द्या म्हणून. तिथे शाळा मंडळं निवडून येतात, त्यामुळे राग काढायला जागा असते. आपल्याकडे कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि प्रशासक बसले, म्हणजे ऐन साथीत शहराला नगरसेवकच नव्हते. लोकांच्या बाजूने विचारणारं असं सभागृहच उरलं नाही.

फीबद्दल थोडक्यात. राज्याने ८ मे २०२० ला २०२०-२१ ची फीवाढ रोखली, उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला स्थगिती दिली. मग राजस्थानच्या शाळांच्या प्रकरणात ३ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्के सवलतीचं सूत्र घालून दिलं आणि १२ ऑगस्ट २०२१ ला महाराष्ट्राने तसाच शासन निर्णय काढला. फी हा विषय कोर्टात पुढे सरकला, कारण तिथे मागणीला आकडा होता.

अर्ज कसा लिहायचा

समजा पुन्हा साथ आली आणि शाळा बंदचा आदेश निघाला. आदेशाची पूर्ण प्रत आधी मिळवा, व्हॉट्सअॅपवर आलेलं अर्धं पान नव्हे. शासन निर्णय असेल तर त्यावर संगणक सांकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून खरा आहे का पाहा. २०२०-२१ मध्ये खोटे शासन निर्णय खूप फिरले. मग कायदा, कलम, सही, मुदत या चार गोष्टींखाली रेघ मारा.

निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना नव्हे, 'अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण' यांना लिहा. माणूस तोच, पण अधिकार त्या पदाचा. प्रती सहअध्यक्षांना, शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि शहरातली शाळा असेल तर महापालिका आयुक्तांना. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे शंभर सुट्या सह्यांपेक्षा तिचा ठराव भारी. मजकुरात 'शाळा उघडा' एवढंच लिहू नका. विचारा: आदेशाची कारणं काय, कोणत्या आकड्यावर बंद केली, तो आकडा कितीवर आला की उघडणार, फेरविचार कोणत्या तारखेला, तोवर पोषण आहाराचं धान्य कधी आणि कुठे वाटणार, मोबाइल नसलेल्या मुलांचं काय. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्या. आवक-जावक टेबलावर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नका.

संमतीपत्राचा फॉर्म आला तर नीट वाचून सही करा. माझ्या जबाबदारीवर पाठवतो असं लिहून दिलं म्हणून शाळेची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. हात धुवायला पाणी नाही, खिडक्या खिळे ठोकून बंद आहेत, यातून उद्भवलेला दोष शाळेचाच. संमती न दिल्याबद्दल मुलाची गैरहजेरी लावणंही केंद्राच्या ३० सप्टेंबर २०२० च्या सूचनांत बसत नव्हतं.

उत्तर नाही आलं किंवा 'वरिष्ठांच्या सूचनेनुसार' असं एका ओळीचं आलं, तर कोर्ट. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावून वेळ घालवू नका. आपत्तीच्या कायद्याचं कलम ७१ खालच्या न्यायालयांना या आदेशांना हात लावू देत नाही, फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला तो अधिकार आहे. २०२०-२१ मध्ये याचा अर्थ मुंबई होता, आणि लॉकडाऊनमध्ये मुंबईला जाणं म्हणजे ई-पास काढण्यापासून तयारी. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याखाली आहेत. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात करायच्या याचिकेत पहिली मागणी 'कारणांसह लेखी निर्णय द्या आणि फेरविचाराची तारीख ठरवा' ही ठेवा, शाळा उघडण्याची शेवटी. मुदतीचा आदेश संपत आला असेल तर याचिकेत 'आणि यापुढे त्याच आशयाचे निघणारे आदेश' हेही आव्हानात घाला, म्हणजे नवा कागद निघाला तरी जुनी याचिका वाया जात नाही. सोबत शिक्का असलेल्या निवेदनाची प्रत हवीच. त्याशिवाय सरकारी वकिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: याचिकाकर्ते आमच्याकडे आलेच नाहीत.